दोनशेपंचावन्नच्या पुढची लाली

नंदुरबारची मिरची लाल असते, ही गोष्ट पूर्वी सगळ्यांना डोळ्यांनी दिसत असे. असा गैरप्रकार फार दिवस चालू देणं प्रशासनाला परवडणारं नव्हतं. डोळा ही काही मान्यताप्राप्त वस्तू नाही. त्याला अनुक्रमांक नसतो, त्याच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट निघत नाही, आणि एकाच ढिगाकडे बघून शेतकऱ्याच्या डोळ्याला एक लाल दिसतो, व्यापाऱ्याच्या डोळ्याला भलताच. म्हणून यंदा मोसमाच्या तोंडावर शहरात ‘जिल्हा मिरची रंग-प्रत निश्चिती कक्ष’ उघडण्यात आला, आणि आपण लाल आहोत की नाही हे ठरवण्याचा मिरचीचा अधिकार संपुष्टात आला.

कक्ष म्हणजे बाजाराच्या फाटकाशी असलेली पत्र्याची खोली. आत एक ट्रे, ट्रेवर टांगलेला कॅमेरा, कॅमेऱ्याला जोडलेला कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरला जोडलेली हेमांगी. शेतकऱ्यानं ट्रॉलीतून पसाभर ओली मिरची आणून ट्रेमध्ये ठेवायची, हेमांगीनं बटण दाबायचं, फोटो निघायचा, पुण्याच्या कंपनीनं लिहिलेला प्रोग्राम त्या फोटोतली लाली मोजायचा आणि पावती फडफडत बाहेर यायची. लाली शून्यापासून दोनशेपंचावन्नपर्यंत. दोनशेवीसच्या वर प्रत अव्वल, त्याखाली मध्यम, आणि पन्नासच्या आत प्रत शून्य. पावतीशिवाय लिलाव नाही. दोनशेपंचावन्नच का, सरळ तीनशे का नाही, असं उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्यानं विचारलं होतं. "जागतिक मानक आहे," असं उत्तर मिळालं. जागतिक म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

या कक्षात भाग्येश ‘प्रकार तपासनीस’ या पदावर कंत्राटी होता. निविदेत एक अट होती, ‘विदेचे प्रकार स्थानिक पातळीवर तपासून घ्यावेत.’ विदा म्हणजे डेटा, हे कक्षप्रमुख करणसिंग साहेबांना ठाऊक नव्हतं; पण काहीतरी तपासायचं आहे म्हणजे माणूस लागणार, इतकं त्यांना अनुभवानं कळलं. भाग्येश खांडबाऱ्याचा, बी.कॉम. झालेला. जावास्क्रिप्ट तो खांडबारा ते नंदुरबार रोजच्या गाडीत मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता. रेंज असेल तेवढं शिकायचा, रेंज गेली की खिडकीबाहेर बघायचा.

त्याचं काम असं. फोटो म्हणजे प्रोग्रामच्या लेखी आकड्यांची एक लांबलचक माळ. एका दोरीत एकसारखे डबे ओवावेत, तसं. जावास्क्रिप्टमध्ये या माळेला टाइप्ड अ‍ॅरे म्हणतात. डब्यात आकडा कितीपर्यंत मावेल आणि जास्त झाला तर काय होईल, हे माळेच्या प्रकारावर ठरतं. प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. म्हणून रोज सकाळी काम सुरू होण्याआधी माळ योग्य प्रकाराचीच आहे ना, याची खात्री भाग्येशनं करायची. त्यासाठी त्यानं एक ओळ लिहिली होती. ती माळेला विचारायची, तुझा टाइप काय? टाइपऑफ नावाचा हा प्रश्न पहिल्याच धड्यात शिकवतात. माळ उत्तर द्यायची, ऑब्जेक्ट. म्हणजे वस्तू. मग भाग्येश कळवायचा, ‘प्रकार तपासला. वस्तू आढळली. योग्य.’

पुढच्या धड्यात असं होतं की टाइपऑफनं विचारलं तर कुठलीही माळ स्वतःला ऑब्जेक्टच म्हणवते. तारीखही ऑब्जेक्ट, रिकामी पेटीही ऑब्जेक्ट, आणि मुळात काहीच नसलेलं ‘नल’ नावाचं जे असतं, तेसुद्धा छाती पुढे काढून ऑब्जेक्ट म्हणून हजेरी लावतं. पण त्या धड्याला रेंज गेली होती. आणि गेली नसती तरी काय बिघडलं असतं? ज्या प्रश्नाला सगळ्यांकडून एकच उत्तर येतं, त्याच्यासारखा सोयीचा प्रश्न कुठल्याच कार्यालयाला मिळायचा नाही. तपासणीही होते आणि कुणी सापडतही नाही.

असं सगळं नियमानुसार चाललेलं असताना मंगलाबाई आली.

मंगलाबाई ब्राह्मणपुरीची. भाग्येशच्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणून त्याची फुई. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ती मिरचीच्या ट्रॉलीसोबत आली ती थेट फाटकापर्यंत. मिरची अशी, की उन्हात ट्रॉलीकडे बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. रांगेत तिच्या पुढे छगन नावाचा शेतकरी होता. त्याची मिरची निम्मी पिकलेली, निम्मी विचार करत असलेली. ट्रेमध्ये पडली, बटण दाबलं गेलं, पावती आली. लाली दोनशेएकतीस, प्रत अव्वल. छगननं पावती दोनदा वाचली आणि मशीनचा विचार बदलायच्या आत तो बाहेर पडला.

मग मंगलाबाईचा पसा ट्रेमध्ये पडला. लाली चौदा. प्रत शून्य. शेरा, ‘मानवी सेवनास अयोग्य.’

मंगलाबाईनं पावती दोन्ही बाजूंनी पाहिली आणि ती भाग्येशकडे वळली.

"काय रे भाग्या, हाई मशीन आंधळं शे का?"

"फुई, मशीनले डोया नही ऱ्हातस. ते फक्त आकडा सांगस."

"मंग आकडाले सांग, जराखा बाहेर ईसन देख. ट्रॉली उभी शे."

"तशी सोय नही शे."

"तुन्ही तरी शे ना? तुले दोन डोया शेत. तू सांग, मिरची लाल शे का कायी?"

भाग्येशनं खिडकीतून ट्रॉलीकडे पाहिलं. लाल रंग खिडकीतून आत येऊन भिंतीवर पडला होता.

"मी कंत्राटी शे, फुई," तो म्हणाला.

हेमांगीनं नियम सांगितला. ती टोचून बोलायची, पण नियम बरोबर सांगायची. "मावशी, अजून दोन मोजण्या मिळतील. लागोपाठ तीन शून्य आले की मिरची नाही, वावरच बाद होतं. ‘लाली-अक्षम क्षेत्र’ अशी नोंद होते. मग त्या वावरातली मिरची आपल्या लिलावात कधीच उतरत नाही. आणि मोजण्या पूर्ण होईपर्यंत माल पसरायचा नाही हं, ट्रॉलीतच ठेवायचा. पसरला की नमुना बदलतो म्हणे."

ओली मिरची ट्रॉलीत दाबून राहिली की आतून तापते, घाम धरते आणि मग खरोखरच काळी पडते. म्हणजे मशीन म्हणतं ते खरं ठरायला फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. मंगलाबाईनं पदर खोचला, ट्रॉलीवर चढली आणि आत हवा जावी म्हणून कोपरापर्यंत हात घालून मिरची खालवर करायला लागली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत हेमांगीनं आपला डबा उघडून कॅमेऱ्याखाली ठेवला. डब्यात पिठलं होतं.

"काय करतेय?" भाग्येशनं विचारलं.

"तुझ्या फुईची मिरची चौदा. मला बघायचंय, माझ्या आईचं पिठलं किती लाल आहे."

पावती आली. ‘ओली लाल मिरची. लाली दोनशेपंचावन्न. प्रत अव्वल.’

"भाकरीशी खाऊ की लिलावात लावू?" हेमांगी म्हणाली.

त्या दुपारी भाग्येशनं आयुष्यात पहिल्यांदा तो प्रोग्राम वाचला. त्यात घोटाळा काहीच नव्हता, नुसती आज्ञाधारकता होती. खोलीत उजेड कमी पडतो म्हणून ट्यूबलाइटची मागणी गेलेली होती. ती मंजूर होईपर्यंत काम अडू नये म्हणून करणसिंग साहेबांनी कंपनीला कळवलं होतं की, प्रत्येक लालीत तीस मिळवून धरावेत. कंपनीनं मिळवले. ट्यूबलाइट लावण्यापेक्षा आकडा वाढवणं स्वस्त पडतं, हे तत्त्व तर सगळ्या देशाला मान्य आहे. हळदीच्या रंगाच्या वस्तूतही तांबडा अंश भरपूर असतो. त्यात तीस मिळवले की पिठलं अव्वल.

खरी गंमत पुढे होती. कॅमेऱ्याकडून फोटोची जी माळ येते ती क्लॅम्प्ड प्रकाराची. तिचा स्वभाव सुशिक्षित कुटुंबातला. डब्यात दोनशेपंचावन्नच मावतात. तुम्ही तीनशे ओता, ती काठाला थांबते, वरचं सांडू देते. पण कंपनीच्या कुणीतरी मधेच हे आकडे दुसऱ्या, साध्या माळेत ओतून घेतले होते. तिच्या डब्यातही दोनशेपंचावन्नच मावतात, पण स्वभाव जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखा. शेवटचा आकडा ओलांडला की सगळे नऊ फिरून शून्य. छगनच्या मिरचीची लाली दोनशेएक; तीस मिळून दोनशेएकतीस, अव्वल. मंगलाबाईची दोनशेचाळीस, तीस मिळून दोनशेसत्तर, डबा दोनशेपंचावन्नला भरला, फिरला, शून्यापासून पुन्हा मोजू लागला आणि चौदावर येऊन थांबला. मिरची जरा जास्तच लाल होती, एवढाच तिचा गुन्हा.

आणि माळेचा प्रकार तपासणारा माणूस रोज सकाळी ‘वस्तू आढळली, योग्य’ असं कळवत होता. तो माणूस आपणच, हे भाग्येशला कळलं. पण कंत्राट मार्चमध्ये संपतं, हेही त्याला त्याच वेळी आठवलं.

करणसिंग साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे अ‍ॅरे खोटं बोलला?"

"नाही साहेब. आपण त्याला विचारलंच नव्हतं. आपण विचारत होतो, तू वस्तू आहेस का. तो म्हणत होता, आहे."

"मग खरंच बोलला की."

"हो साहेब."

"मग चौकशी कुणाची करायची?"

भाग्येशकडे त्या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते त्याच्या स्वतःच्या नावाचं होतं.

कंपनीचा मिथुन पडद्यावर आला. त्याच्यामागे पुण्यातलं एक निरोगी झाड दिसत होतं. "बघा सर, आमच्या साइडला इश्यू काहीच नाहीये," तो म्हणाला. "पण तुमच्या शंकेचा आदर करतो. टाइपऑफ फार ढोबळ आहे. प्रत्येक अ‍ॅरेवर आतून एक नावाची चिठ्ठी असते. तुम्ही ती वाचायला लावा. क्लॅम्प्ड लिहिलं असेल तर घ्या, नसेल तर अडवा. आम्ही तशी व्यवस्था करून देतो."

करणसिंग साहेबांना ही सूचना आवडली. माणसाला विचारण्यापेक्षा त्याची चिठ्ठी बघणं त्यांना नेहमीच सभ्य वाटत आलं होतं. भाग्येशनं नवी तपासणी लिहिली. कंपनीनं रातोरात व्यवस्था केली. सकाळी तपासणी चालवली. माळेनं चिठ्ठी दाखवली, क्लॅम्प्ड. कक्षात पेढे आले.

मंगलाबाईची दुसरी मोजणी झाली. लाली चौदा. प्रत शून्य.

भाग्येशनं पुन्हा आत डोकावलं. कंपनीनं व्यवस्था केली होती ती इतकीच, की त्याच साध्या माळेच्या गळ्यात क्लॅम्प्ड नावाची चिठ्ठी अडकवली होती. जावास्क्रिप्टमध्ये अशी चिठ्ठी कुणीही कुणाच्याही गळ्यात अडकवू शकतो. त्यासाठी दाखला लागत नाही, या एकाच बाबतीत ती भाषा आपल्या कार्यालयांच्या मागे आहे.

"साहेब, नाव बदललंय. स्वभाव तोच आहे."

"भाग्येश," करणसिंग साहेब समजुतीनं म्हणाले, "या जिल्ह्यात मी अनेक पदांवर काम केलंय. स्वभाव तपासण्याची तरतूद कुठेच नाही."

"पण फुईची मिरची लाल आहे हो."

"ते तुमचं कौटुंबिक मत झालं."

एवढ्या दिवसांत बाजार मात्र शहाणा झाला होता. लाल मिरचीला शून्य आणि फिक्या मिरचीला अव्वल मिळतं, हे कळायला शेतकऱ्यांना जावास्क्रिप्ट लागली नाही. लोक मिरची पिकायच्या आत तोडू लागले. छगननं आपल्या पिकलेल्या मिरचीवर बैलगाडीच्या वाटेवरचा फुफाटा भुरभुरला, तेव्हा तीही दोनशेत्रेचाळीसवर आली. त्याचं बघून अर्ध्या बाजारानं फुफाटा गोळा केला आणि फाटकाबाहेरचा रस्ता आपोआप स्वच्छ झाला. कक्षानं भिंतीवर फलक लावला, ‘लाली आटोक्यात ठेवा, अव्वल प्रत मिळवा.’ सगळ्या मोसमात एवढी अव्वल मिरची जिल्ह्यानं कधी पाहिली नव्हती. वर अहवाल गेला. वरून अभिनंदन आलं.

सर्वांत जास्त आनंद नवनीतशेठला झाला होता. शेठची स्टेशनच्या बाजूला मोठी पथारी, म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. शून्य प्रतीची पावती घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला तो स्वतः उठून चहा पाजायचा. तसाच तो मंगलाबाईच्या ट्रॉलीपाशी आला.

"आक्का, शून्यनी मिरची ढोरे बी तोंडले लावतस नही. पन तुम्हना तोंडकडे देखीसन मी ली लेस. कोंबड्यासना खाद्यना भाव देसू."

"मन्हं तोंड नको देखू, शेठ. मिरची देख."

"मिरची देखीसनच सांगी ऱ्हायनू."

"मंग तुन्ही पथारी एवढी लाल का बरं दिसस? कोंबड्या काय लगीनले चालन्यात?"

शेठ हसला आणि निघून गेला. त्याला घाई नव्हती. ट्रॉलीत मिरची तापत होती. ताडपत्री उचलली की आता वाफ येत होती. मंगलाबाईचे हात कोपरापर्यंत सुजले होते. ती कक्षाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"भाग्या, तीसरी मोजनी सकाय शे. बुडखानी मिरची कायी पडाले लागनी. वावर गयं म्हंजे मंग काय पिकाडू, फुफाटा?" तिचा आवाज चढला नाही. "तुले काही करता येत व्हई ते कर. नही येत व्हई ते तसं सांगी दे. मी राग नही धरावू."

करता येत होतं, हीच तर अडचण होती.

भाग्येशनं तिथंच, खिडकीत उभ्या असलेल्या फुईसमोर, तिसरी तपासणी लिहिली. माळेला नाव विचारायचं नाही, टाइप विचारायचा नाही. तिच्या एका डब्यात सरळ तीनशे टाकायचे आणि बाहेर काय येतं ते बघायचं. दोनशेपंचावन्न आले तर ती खरी क्लॅम्प्ड. चव्वेचाळीस आले तर फिरणारी. चव्वेचाळीस आले. त्यानं कंपनीची साधी माळ काढून टाकली, कॅमेऱ्याची मूळ माळ तशीच पुढे जाऊ दिली, आणि पुन्हा तीनशे टाकले. दोनशेपंचावन्न. एका ओळीचं काम होतं. ते कुणी मंजूर केलेलं नव्हतं, म्हणून एका ओळीत झालं.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाईनं पसा ट्रेमध्ये ठेवला. पावती आली. लाली दोनशेपंचावन्न. प्रत अव्वल.

"ही बघ, पिठल्याइतकी झाली," हेमांगी म्हणाली आणि तिनं भाग्येशकडे असं पाहिलं की त्याला क्षणभर आपण कायमस्वरूपी आहोत असं वाटलं.

मंगलाबाईनं पावती नीट घडी घालून कमरेला खोचली. लिलाव तासाभरानं होता. तासाभराच्या आत बाजार पेटला.

पहिला आला छगन. "मन्ही पावतीवर बी अव्वलच शे. पन शेठ सांगस, बाजूले दोनशेपंचावन्नवाली उभी शे, तुन्ही पिवयी काय लेऊ? कालदिन लगून पिवयी चालनी ना? आज काय व्हयनं?" त्याच्यामागे फुफाटावाले सगळे. त्यांच्यामागे नवनीतशेठ, आणि शेठच्या चेहऱ्यावर शेतकऱ्यांच्या नुकसानीबद्दलची ती कळकळ, जी फक्त स्वतःच्या नुकसानीनंतर येते. "साहेब, मशीन बिघडनं," शेठ म्हणाला. "काल लाल मिरची शून्य येत व्हती. आज एकदम अव्वल येस. असा भरवसा नसना बाजार आम्ही कसा करवा?" घोषणा सुरू झाल्या. ‘जुनं मशीन परत द्या.’ मशीन तेच होतं, पण घोषणेत तपशील बसत नाही.

बारीकसा अन्याय सगळ्यांना सारखा वाटून दिला, की त्याला व्यवस्था म्हणतात. आणि कुणी न्याय करायला गेला, की गोंधळ घातला म्हणतात. करणसिंग साहेबांना हे शिकवावं लागत नव्हतं. त्यांनी भाग्येशला आत बोलावलं.

"तुम्ही काल प्रोग्राममध्ये काही केलं का?"

"दुरुस्त केला, साहेब."

"परवानगी?"

"बरोबर करायला पण परवानगी लागते?"

"चुकायला लागत नाही," साहेब म्हणाले. "चूक आपोआप होते, तिला जबाबदार कुणी नसतो. बरोबर मात्र कुणीतरी मुद्दाम करावं लागतं. मग विचारणा होते, का केलं, कुणासाठी केलं. आणि तुमची तर ती आत्या."

"फुई."

"तेच. नातेवाइकाची लाली वाढवली, असं उद्या पेपरला आलं तर मी काय सांगू?" त्यांनी टेबलावरचा कागद पुढे सरकवला. ‘आपण सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय अचूकता निर्माण केल्याचे निदर्शनास आले आहे. आपले कंत्राट का संपुष्टात आणू नये?’ "उत्तर लिहू नका. सगळं होतं तसं करा, जुनी ओळ परत टाका. टाइपऑफवाली. तिच्या काळात एक तक्रार नव्हती."

भाग्येशनं खिडकीबाहेर पाहिलं. मंगलाबाई ट्रॉलीच्या चाकापाशी उभी राहून लिलावाची वाट बघत होती. एका हातानं पदराचा वारा घेत होती आणि दुसरा हात कमरेच्या पावतीवर होता.

त्यानं कंपनीची साधी माळ परत जोडली आणि तपासणीची जुनी ओळ परत टाकली. तपासणी चालवली. माळ म्हणाली, ऑब्जेक्ट. भाग्येश म्हणाला, योग्य.

मग कक्षानं जाहीर केलं की, दुरुस्तीच्या काळात दिलेल्या पावत्या तांत्रिक बिघाडामुळे अवैध असून संबंधितांची फेरमोजणी होईल. संबंधित एकच होती. तिचा पसा पुन्हा ट्रेमध्ये पडला. हेमांगीनं बटण दाबलं, पण पावती हातात दिली नाही. ट्रेवर ठेवली आणि पाणी प्यायला म्हणून उठून गेली. चौदा. तिसरं शून्य. ब्राह्मणपुरीचं तापीकाठचं ते वावर, जिथे मिरची रंगानं डोळ्यात जाते, ते ‘लाली-अक्षम क्षेत्र’ झालं.

मंगलाबाईनं भाग्येशला एवढंच विचारलं, "ती दुरुस्ती तूच काढी ना रे?"

"हा, फुई."

"बरं व्हयनं सांगं ते." ती मडगार्डवर चढून बसली. "मार्चमा जेवाले ये. तवलगून नोकरी ऱ्हाई तुन्ही."

ती मार्चनंतरही राहिली. कंत्राट वाढलं. टाइपऑफच्या आधारे तक्रारमुक्त प्रकार तपासणी कशी करावी, हे इतर जिल्ह्यांना शिकवायला भाग्येशला आता पाठवतात. तो चांगलं शिकवतो. कुणी ‘पण सर, सगळेच ऑब्जेक्ट म्हणतात’ असं म्हणालं, की तो खिडकीबाहेर बघतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

मंगलाबाईनं शेठला मिरची दिली नाही. बुडाची काळी पडलेली निवडून फेकली, उरलेली खळ्यात वाळवली, देठं काढली, कांडून आणली आणि नंदुरबारला स्टेशन रोडवर पोतं अंथरून तिखट विकायला बसली. लिलावात उतरायला बंदी आहे. रस्त्यावर बसायला अजून कुणी केली नाही.

गेल्या रविवारी तुम्ही तिथून गेलात. रंग बघून थांबलात, हे खरं. चिमूट उचलून नाकाशी नेलीत, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मंगलाबाईनं विचारलं, "कितलं देऊ, भाऊ?" आणि तुम्ही रुमालानं डोळे पुसत म्हणालात, "इतकं लाल कसं काय? रंग मिसळलाय का? कक्षाचा शिक्का नाही दिसत याच्यावर." मग समोरच्या दुकानातून अव्वल प्रतीचं सीलबंद पाकीट घेतलंत. घरी भाजीला रंग चढेना, म्हणून दोन चमचे जास्त घातलेत. तरी चढेना. तेव्हा तुम्ही पाकीट उचलून पुन्हा एकदा वाचलंत, अव्वल असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि बायकोला म्हणालात, भाजीतच काहीतरी दोष असणार.